मूठभर नमुना

१

उत्तर न दिलेलं ते पत्र मास्तरांनी चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवलं होतं. त्यामुळे व्हायचं काय, की चष्मा काढायला डबी उघडावी तर आधी पत्रच हाताला लागायचं आणि चष्मा राहायचा बाजूला.

पत्र पाठवणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. मास्तर डॉक्टरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना जीवनसत्त्वं शिकवायचे, तेव्हा ती तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. सगळे तिला बाटलीवाली ताई म्हणत. पुढे ती लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. पत्रात तिनं क्षेमकुशल विचारलं नव्हतं, की स्वतःचं काही सांगितलं नव्हतं.

'मास्तर, माझ्या धाकट्या भावानं गोदामाच्या शेठच्या नाकावर एक बुक्का मारला. शेठ मेला. पोलीस म्हणतात, बुक्क्यानंच मेला. तुम्ही रक्ताचं शिकवायचात. एका बुक्क्यानं धडधाकट माणूस मरतो का? मरत असेल तर तसं लिहा. मी ऐकून घेईन. पण लिहा.'

मास्तरांनी लिहायला घेतलंही होतं. 'मरू शकतो' असं लिहिलं आणि कागद फाडला. 'सहसा मरत नाही' असं लिहिलं, तोही फाडला. पुस्तकं उघडली, तर पुस्तकांतही दोन्ही बाजू निघाल्या. जन्मभर त्यांनी हळू आवाजात शिकवलं होतं आणि जन्मभर मागच्या बाकावरून 'सर, ऐकू येत नाही' हे ऐकलं होतं. मग ते बोललेलं पुन्हा बोलायचे, आणि दुसऱ्यांदा बोलताना त्यांना स्वतःलाच ते चूक वाटू लागायचं.

अशात त्यांचा भाचा दारात उभा राहिला. भाचा म्हणजे फौजदार. आवाज खणखणीत, पोट त्याहून खणखणीत. टोपी काढून त्यानं पुस्तकांच्या ढिगावर ठेवली.

"मामा, चहा नको. डोकं द्या थोडं. गोदामाच्या शेठचं ऐकलंत ना?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. पत्राचं मात्र ते बोलले नाहीत.

"केस सरळ आहे. सकाळी वजन चाललेलं. म्हाताऱ्या हमालाच्या पाठीवरून पोतं सुटलं आणि फाटलं. शेठनं पोती ओढायचा लोखंडी हुक उचलला आणि उलट्या बाजूनं म्हाताऱ्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला म्हणतात. पुन्हा हाणायला हात वर केला, तेवढ्यात पैलवान मध्ये पडला. सगळे त्याला पैलवानच म्हणतात. पाठीवरचं पोतं त्यानं नीट खाली ठेवलं आणि शेठच्या नाकावर एकच दिला. सगळ्या गोदामानं पाहिलं."

"आणि शेठ पडला."

"पडला कुठला! उठला, हसला, नाकात बोळा कोंबून गादीवर बसला आणि शिव्या देत देत भाव करत राहिला. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणे, नाकातल्या रक्ताला डॉक्टर बायका बोलावतात. दुपारपर्यंत गादीशेजारची बादली लाल झाली. संध्याकाळी कुणाला तरी शिवी द्यायला तोंड उघडलं, तर शिवीऐवजी रक्ताची गुळणी बाहेर पडली. समोरच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"मग माझ्याकडे का आलास?"

"शवविच्छेदनाच्या अहवालातलं एक वाक्य गळ्याखाली उतरत नाहीये, मामा. नाकाचं हाड शाबूत आहे. पण पोटात रक्त, पाठीच्या कातडीखाली रक्त, मेंदूत रक्त. आणि दोन्ही गुडघ्यांच्या सांध्यांत रक्त." फौजदार पुढे वाकला. "बुक्का नाकावर मारला, तर रक्त गुडघ्यात कसं गेलं?"

२

शेठचं घर गोदामाच्याच मागे होतं. शेठाणी खुर्चीत ताठ बसली होती. हात पदराखाली होते, पण पाणी द्यायला तिनं ते बाहेर काढले, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत जुने पिवळट डाग दिसले. मास्तरांनी नजर दुसरीकडे वळवली.

"बघा की," ती म्हणाली. "सगळ्यांनी इतकी वर्षं दुसरीकडेच बघितलंय."

फौजदार खाकरला. "वहिनी, शेवटच्या आठवड्यात शेठना काही त्रास होता?"

"त्रास मला व्हायचा. त्यांना कसला!" मग ती थांबली. "एक गंमत सांगू? गंमतच म्हणायची. त्या आठवड्यात त्यांनी मला मारलं, नेहमीसारखंच. दुसऱ्या दिवशी माझा गाल साधा लाल होता आणि त्यांचा तळहात काळानिळा. मनगटापर्यंत सुजला. मारणाऱ्याचा हात सुजलेला मी पहिल्यांदाच बघितला. मनात म्हटलं, आली वाटतं देवाला जाग."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "आणखी काही? दात घासताना वगैरे..."

"मोरी लाल व्हायची. दाढी करताना हनुवटीला एवढंसं कापलं, तर दुपारपर्यंत कापूस धरून बसले होते." तिनं मास्तरांकडे निरखून बघितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"नाही, म्हणजे ठाऊक असं नाही... ते पालेभाजी खायचे का?"

"पालेभाजी? एकदा ताटात वाढली होती." तिनं कपाळावरचे केस मागे सारले. केसांच्या मुळाशी एक जुनी पांढरी खूण होती. "हे ते ताट."

तेवढ्यात शेठचा धाकटा भाऊ आत आला. मोठ्याच्या मृत्यूनंतर तोच गादीवर बसत होता. नवे कपडे, गळ्यात भावाची साखळी. "फौजदारसाहेब, मारणारा कोठडीत आहे. आता भाजीपाल्याची चौकशी कशाला? या आजोबांना बाजारात सोडा की, तिथं ढीगभर पडलाय."

"धाकटे शेठ, भाऊ गेला आणि तुमचं वजन वाढलं," फौजदार गोड आवाजात म्हणाला. "सुतक मानवलं म्हणायचं."

धाकट्याचा चेहरा उतरला. मास्तर मान खाली घालून बाहेर पडले.

रस्त्यावर एक हमाल भरलेल्या पोत्याचं तोंड शिवत बसला होता. हातात जाड दाभण, दाभणात सुतळी. मास्तर तिथंच थबकले.

"हे बघ," ते भाच्याला म्हणाले. "रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात ती यकृतात तयार होतात. पण नुसती तयार होऊन भागत नाही. पोतं भरलं आणि तोंड शिवलं नाही तर त्याचा काय उपयोग? तसंच. ते तोंड शिवायची दाभण म्हणजे के जीवनसत्त्व. हिरव्या पाल्यातून मिळतं, थोडं आतड्यातले जंतूही बनवतात. दाभण नसली की उघड्या तोंडाची पोती रक्तात फिरत राहतात. कुठं खरचटलं, कुठं आपटलं, की रक्त थांबतच नाही. कधी कधी आपटावंही लागत नाही."

"म्हणजे भाजी न खाल्ल्यानं मेला! मामा, पैलवान सुटला!"

"तसं म्हणायचं धाडस होत नाही रे. मोठ्या माणसात नुसत्या खाण्यातल्या कमतरतेनं एवढं सहसा होत नाही. आणि हा तर जन्मभर पाला खात नव्हता. मग त्याच आठवड्यात का व्हावं? माझं काहीतरी चुकतंय."

"तुमचं नेहमीच काहीतरी चुकतंय, मामा. आजीही म्हणायची."

भाचा हसत होता, तोच पोलीस ठाण्यातला शिपाई सायकल दामटत आला. सायकल पडू दिली आणि धापा टाकत म्हणाला, "साहेब, लवकर चला. पैलवान कोठडीत रक्त ओकतोय."

३

कोठडीच्या फरशीवर पैलवान भिंतीला टेकून बसला होता. एवढा धिप्पाड गडी, पण तोंड कागदासारखं पांढरं पडलेलं. सदरा वर केलेला. पाठीवर, बरगड्यांवर, मांड्यांवर निळे-जांभळे चट्टे. काही हाताच्या पंजाएवढे, काही ताटाएवढे.

मास्तरांनी भाच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं, ते भाच्याला बरोबर समजलं.

"आईशप्पथ, मामा! या माणसाला आम्ही बोट लावलेलं नाही!"

"मी काही म्हटलं नाही."

"डोळ्यांनी म्हणालात! बाकीच्यांचं मी खोटं सांगणार नाही, पण याला खरंच नाही. यानं पहिल्याच मिनिटाला कबूल केलं, मग मारायचं कशाला?"

पैलवान क्षीण हसला. दातांच्या फटीत रक्त साकळलं होतं. "खरंय साहेबांचं. नुसता फरशीवर झोपलो. उठलो तर अंग असं. मला वाटलं, शेठ भूत होऊन तुडवून गेला."

मास्तर त्याच्याजवळ फरशीवर टेकले. गुडघे कटकन वाजले. "तुझी ताई माझ्याकडे कामाला होती."

"मास्तर? तुम्ही?" पैलवानानं सदरा खाली ओढला. "तिला हे कळवू नका. ती म्हणेल, मारामारी केलीस म्हणून असं झालं."

"पालेभाजी खातोस का?"

"बाजार उठला की उरलेला पाला फुकट मिळतो. बैलासारखा खातो."

मास्तरांचा पहिला तर्क तिथंच कोसळला. चुकल्याचं त्यांना नवल वाटलं नाही. पण या वेळी त्या पडझडीतून दुसरंच काही वर आलं. पाला न खाणारा मेला होता आणि पाल्यावर जगणारा मरायला टेकला होता. दोघांनाही एकच आजार, एकाच आठवड्यात. मग ही कमतरता ताटातली नव्हे. दाभण होती, कुणीतरी ती निकामी केली होती.

"ही दाभण एकदा वापरून संपत नाही," ते भाच्याला म्हणाले. "प्रत्येक टाक्यानंतर शरीर तिच्यात नवी सुतळी ओवतं आणि तीच पुन्हा वापरतं. एक प्रकारचं विष असं आहे, की ते ओवायचंच बंद पाडतं. आधी शिवलेली पोती असतात तोवर चार-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो. मग एकदम कोठार रिकामं. उंदीर मारायला तेच वापरतात. उंदराला कळतही नाही, कुठल्या घासानं मेलो."

फौजदाराचा आ वासला. "उंदराचं औषध? पण दोघांना?"

"याला आधी दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांग, आणि रक्तही भरायला लागेल. डॉक्टर ऐकले नाहीत तर..." मास्तर घुटमळले. "तर माझं नाव नको सांगूस. माझं नाव ऐकून कुणी काही केलेलं नाही. ओरड."

"ओरडणं माझ्याकडे लागलं."

शिपायांनी पैलवानाला उचललं. मास्तरांनी त्याचा हात धरून ठेवला. "एवढं सांग. तुझ्या आणि शेठच्या पोटात एकच अन्न कुठलं गेलं?"

पैलवानाला हसू आलं. हसताना नाकातून रक्ताची धार लागली. "शेठचं नि माझं एक ताट? मास्तर, त्याच्या ताटावरची माशीसुद्धा आमच्याकडे यायची नाही." आणि त्याची मान शिपायाच्या हातावर कलंडली.

४

गोदामात धान्याचा वास आणि धूळ होती. उंच छताखाली पोत्यांच्या थप्प्या, मध्ये वजनकाटा, आणि काट्यासमोर मालकाची गादी. गादीजवळ खालच्या चौरंगावर मुनीम बसला होता. सुकलेला, कोरड्या चेहऱ्याचा, कानावर पेन अडकवलेला माणूस. धाकटे शेठ मागच्या अंगणात मालमोटारीवाल्यांशी भांडत होते. तो आवाज आत येत होता.

मास्तर खांदा बांधलेल्या म्हाताऱ्या हमालाजवळ पोत्यावर बसले. म्हातारा कामाला येत होता, कारण न आल्यास जागा जाईल अशी त्याला भीती होती.

"सगळे तात्या म्हणतात मला. तुम्ही पोलिसांचे?"

"नाही. मी... मामा आहे."

"मग ठीक." तात्यानं दाढी खाजवली. "पैलवान वाचेल का?"

"माहीत नाही. तात्या, शेठ इथं गोदामात काय खायचा? चहा, पाणी, फराळ?"

"फराळ घरून यायचा. डबा आला की आधी मुनीमजींना एक घास खायला लावायचा. वैरी थोडे का होते! पाणीही घरचंच. बाकी दिवसभर चरायचा तेवढंच."

"चरायचा?"

तात्यानं हनुवटीनं गादीकडे खूण केली. गादीसमोर एक पितळी थाळी होती, गव्हानं भरलेली. "नमुन्याची थाळी. पोत्यात नळी खुपसायची, गहू काढायचा, थाळीत टाकायचा. शेठ मूठ भरायचा, फुंकर मारायचा आणि तोंडात टाकायचा. दाणा कटकन तुटला तर माल कोरडा, दाताला चिकटला तर ओला. सगळा धंदा दातांवर. शेठला तर चटकच होती, भाव नसला तरी चघळत बसायचा."

मास्तरांनी थाळीकडे मान वळवली.

त्याच वेळी एक व्यापारी नमुना घेऊन आला. मुनीमानं चार दाणे तळहातावर घेतले. अंगठ्याच्या नखानं एक फोडला, उजेडात धरला, भाव सांगितला.

"मुनीमजींचे दात गेले की काय," तात्या पुटपुटला. "जन्मभर दाणा चावल्याशिवाय भाव बोलले नाहीत. आता बघावं तेव्हा नखानं फोडतात. त्या टाकीनं जावई गिळल्यापासून माणूसच बदलला."

मागच्या दारातून पत्र्याची उंच टाकी दिसत होती. "टाकीनं गिळला?"

"आत धान्य अडकलं होतं. शेठनं त्याला आत उतरवलं, आणि खालचं तोंड बंद न करताच. गहू खाली सरकायला लागला की माणूस पाण्यात बुडावा तसा बुडतो. पोरगा गळ्यापर्यंत गेला, ओरडत होता. मुनीमजी शेठच्या पायावर पडले, पत्रा कापा म्हणाले. शेठ म्हणाला, पत्रा कापला तर माल मातीत जाईल. दोघं भाऊ इथंच उभे होते. ओरडणं थांबेपर्यंत."

मास्तरांनी विचारलं, "थाळीतला उरलेला नमुना कुठं जातो?"

"पोत्यात परत टाकत नाहीत, माल मिसळतो. संध्याकाळी आमच्या डब्यात येतो. हमालांची आठवड्याची पाळी असते. ज्याची पाळी त्यानं डबा घरी न्यायचा, उकडून खायचा. जुनी रीत आहे."

"शेठ गेला त्या आठवड्याला कुणाची पाळी होती?"

"पैलवानाची. आता कुणाचीच नाही. पैलवान धरला गेल्यापासून डब्याला कुणी हात लावला नाही, अपशकुनी म्हणून." तात्यानं डोळे बारीक केले. "काय झालं हो मामा?"

धाकटे शेठ अंगणातून आत आले होते. रागानं पाय आपटत ते गादीवर बसले आणि बसल्या बसल्या सवयीनं थाळीत हात घातला. मूठ भरली. फुंकर मारली. मूठ ओठांशी गेली.

"थुंका!"

सगळं गोदाम थबकलं. पोत्यांच्या थप्पीवरचे हमालसुद्धा वळून बघू लागले. एवढ्या मोठ्यानं ओरडलेला माणूस आपणच आहोत, हे मास्तरांना थोड्या वेळानं उमगलं.

५

"आजोबा, वेड लागलंय का?" धाकट्यानं दाणे थुंकले खरे, पण लाळेबरोबर तांबडी रेघ उमटली. त्यानं बोटानं ओठ पुसला आणि बोटाकडे बघितलं.

दारातून फौजदार आत आला. तो दवाखान्यातून सरळ इकडे आला होता. "पैलवान अजून आहे," एवढंच तो म्हणाला. मग त्याला गोदामातली शांतता जाणवली. "काय झालं मामा?"

मास्तर उभे राहिले. सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत हे जाणवताच त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला. पण मागच्या बाकावर आज कुणी नव्हतं. सगळे पुढे सरकून ऐकत होते.

"विष ताटातून गेलं नाही. डबा आधी दुसऱ्याला चाखवला जायचा. ते गेलं या थाळीतून. शेठनं रोज मुठीमुठीनं कच्चं चघळलं. उरलेलं हमालांच्या डब्यात गेलं आणि पैलवानानं उकडून खाल्लं. हे विष उकडून मरत नाही. म्हणून एकाचं रक्त बुक्क्याचं निमित्त होऊन वाहिलं आणि दुसऱ्याचं नुसतं फरशीवर झोपून."

"मग हे वहिनीचं काम," धाकटा घाईनं म्हणाला. "तिला त्याच्याबद्दल..."

"वहिनी गोदामात पाऊल टाकत नाहीत. आणि तुम्हीही नव्हे. तुम्हाला ठाऊक असतं, तर थाळीत हात घातला नसता." मास्तर थोडे अडखळले. पुढचं वाक्य त्यांना आवडत नव्हतं. "व्यापारी रोज बदलतात, नमुना रोज बदलतो. थाळीवर रोज एकाचाच हात असतो. जो जन्मभर दाणा दातानं फोडत आला, आणि अलीकडे फक्त नखानं फोडतो. मुनीमजी, माझं चुकत असेल तर मी तुमचे पाय धरीन. या थाळीतला एक दाणा चावून दाखवा."

मुनीमानं थाळीकडे बघितलं. "दात दुखतोय."

"दुसऱ्या बाजूनं चावा."

मुनीमानं कानावरचं पेन काढून शांतपणे टोपण लावलं. मग कुणाला काही कळायच्या आत पोत्यावरचा हुक त्याच्या हातात आला होता. वाळक्या काटकीसारखा तो माणूस, पण झेप अशी घेतली, की गादीवरची उशी फाटून कापूस उडाला. हुक धाकट्याच्या खांद्यात गळ्याजवळ रुतला. मुनीमानं तो ओढला. धाकटा किंचाळत गादीवरून फरफटत खाली आला.

"तूही उभा होतास!" मुनीम ओरडत होता. "तूही ऐकत होतास! माल जाईल म्हणालात! किती किलो होता रे माझा जावई? किती किलो?"

फौजदारानं त्याला कमरेला धरून मागे खेचलं. हुक सुटला आणि त्याबरोबर मांसाचा लचका निघाला. मुनीमानं वळून फौजदाराच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दाताखाली काही धरण्यात त्याला काही अडचण आली नाही. दोघं वजनकाट्यावर आदळले, साखळ्या खणखणल्या, आणि फौजदाराचं सगळं वजन अंगावर पडल्यावर मुनीम एकदाचा निपचित झाला.

धाकट्याच्या खांद्यातून रक्त वाहत होतं. हमालांनी पोती दाबून धरली, पण ते थांबायला तयार नव्हतं. भाऊ गेल्यापासून तोही थाळीतूनच चघळत होता. "गाडी!" मास्तर ओरडले. "त्यालाही तेच इंजेक्शन!" हमालांनी त्याला उचलून पळत नेलं. गादीपासून दारापर्यंत लाल पट्टा उमटला.

काट्यावर पालथा पडलेला मुनीम दम खात होता. "औषध माझ्याच कपाटात आहे," तो म्हणाला. "मी नाकारणार नाही. कुत्र्यासारखे मेले असते दोघं, तर मी आनंदानं फासावर गेलो असतो. पण तो हमाल कुठून आला मध्ये? थाळीचं उरलेलं मी स्वतः खाली गटारात..." तो थांबला. "रोज नाही. पण कधी कधी राहिलं तर... ते जातं कुठं?"

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. गादीजवळ जन्म काढला, पण चौरंगाच्या खाली सांडलेलं कोण उचलतं, हे त्यानं कधी वाकून बघितलं नव्हतं.

तात्या पुढे आला. बांधलेला खांदा सावरत तो मुनीमाच्या डोक्याशी उकिडवा बसला.

"आमच्या घरी जातं, मुनीमजी. जुनी रीत आहे. आणि त्या दिवशी टाकीच्या खालच्या तोंडात हात घालून, नखं निघेपर्यंत गहू ओढत होता तो कोण, ते आठवतंय का? शेठनं लाथा घातल्या तरी हटला नव्हता. तुमच्या जावयाचा एक बूट हाती लागला होता त्याच्या."

मुनीमानं तोंड काट्याच्या थंड लोखंडावर दाबलं. त्याच्या घशातून जो आवाज आला, तो ऐकून फौजदारानं त्याच्या पाठीवरचा हात नकळत काढून घेतला.

६

पैलवानाचं रक्त थांबायला वेळ लागला. त्याला बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलं. एका सकाळी त्यानं चूळ भरली आणि ती पांढरी पडली, तेव्हा परिचारिकेनं ती सगळ्या खोलीला दाखवली. डॉक्टरांनी सांगितलं, की हे विष शरीरात रेंगाळतं, गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतील. धाकटे शेठ वाचले. खांदा मात्र कायमचा वाकडा राहिला.

फौजदारानं पैलवानावरचं खुनाचं कलम काढून टाकलं. "मारामारीचं ठेवावं लागेल, मामा," तो म्हणाला. मनगटाला पट्टी होती. "बुक्का तर मारलाच त्यानं."

"मारला," मास्तर म्हणाले.

मास्तर घरी आले आणि टेबलाशी बसले. प्रश्न सोपा होता, एका बुक्क्यानं माणूस मरतो का. उत्तर अजूनही सोपं नव्हतं. विष नसतं तर शेठ त्या बुक्क्यानं मेला नसता. बुक्का नसता तर आणखी चार दिवसांनी कशानं तरी मेला असता, कदाचित बायकोला मारताना. आणि बुक्का बसला नसता तर तात्या दुसऱ्या फटक्याला त्याच गादीसमोर मेला असता. हे सगळं लिहायचं तर वर्गात तास घेतल्यासारखं होईल, आणि ती बाई तास ऐकायला बसलेली नव्हती. त्यांनी कागद ओढला.

'ताई,

तुमच्या भावाच्या बुक्क्यानं शेठ मेला नाही. त्याला आधीच विष दिलेलं होतं. तेच विष चुकून तुमच्या भावाच्याही पोटात गेलं होतं. तो दवाखान्यात आहे, वाचला आहे. मारामारीचा खटला होईल. साक्षीला सगळं गोदाम आहे आणि मीही जाईन. माझा आवाज ऐकू येत नाही असं लोक म्हणतात, म्हणून पुढच्या बाकावर बसा.

तो म्हणाला होता, तुम्हाला कळवू नका. मी कळवतो आहे. या.

उत्तराला उशीर झाला.'

वाचून बघायचा मोह त्यांनी टाळला. वाचलं असतं, तर दोन-तीन ठिकाणी 'बहुधा' घातलं असतं. पाकीट चिकटवून, पायात चपला सरकवून ते कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत चालत गेले. पेटीपाशी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. तिनं बाजूला सरून वाट दिली. मास्तरांनी पाकीट फटीत घातलं, क्षणभर बोटांत धरून ठेवलं आणि सोडून दिलं.